राज्याआधी पोलीस दल : डच खासदार लोडेवाइक थॉमसन यांची अल्बानियातील सात महिन्यांची कारकीर्द

एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील दुर्रेस हे अल्बानियाचे जुने बंदर. १५ जून १९१४ रोजी पहाटे शेतकरी बंडखोरांनी या शहरावर हल्ला चढविला, आणि संरक्षणाची पाहणी करण्यासाठी आघाडीवर गेलेले कर्नल लोडेवाइक थॉमसन छातीत गोळी लागून मरण पावले. चारच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण केली होती. ते अल्बानियन नव्हते. हॉलंडच्या लष्करातील ते अधिकारी होते, त्या देशाच्या संसदेचे आठ वर्षे सदस्य होते, आणि नव्याने जन्मलेल्या अल्बानिया राज्याचे पहिले पोलीस दल उभे करण्यासाठी तेथे आले होते. पुढे तेरा दिवसांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. त्यानंतर जगाला दुर्रेसची आठवण ठेवण्यास सवड मिळाली नाही.

थॉमसन यांचा जन्म ११ जून १८६९ रोजी हेग येथे झाला. तरुणपणीच ते डच पायदळात अधिकारी झाले. आजच्या इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या आचे प्रांतात डच सत्ता त्या काळी दीर्घ आणि रक्तरंजित युद्ध लढत होती. तेथे थॉमसन यांनी काही काळ काढला. एखादा प्रदेश शस्त्राने जिंकला तरी तो राखणे ही निराळीच गोष्ट असते, याचा धडा आचेइतका कठोरपणे क्वचितच कोणत्या वसाहतीने दिला असेल. त्यानंतर बोअर युद्धात लष्करी निरीक्षक म्हणून ते दक्षिण आफ्रिकेत गेले. गांधीजींनी जखमींची ने-आण करणारे भारतीयांचे पथक ज्या युद्धात उभारले, तेच हे युद्ध. शेतात राबणारे, बंदूक चालविण्यात तरबेज असलेले, गणवेश नसलेले लोक एका साम्राज्याच्या शिस्तबद्ध सैन्याला कसे जेरीस आणतात, हे थॉमसन यांना तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

१९०५ मध्ये लेउवार्डन मतदारसंघातून उदारमतवादी पक्षाचे उमेदवार म्हणून ते डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आले. गणवेशातील माणसाने राजकारणात उतरणे तेव्हाच्या हॉलंडमध्ये निषिद्ध नव्हते. संरक्षणविषयक प्रश्नांचा त्यांचा अभ्यास सभागृहाला उपयोगी पडे. १९१३ मध्ये त्यांची खासदारकी संपली. नेमक्या याच वर्षी युरोपातील बड्या राष्ट्रांना एका तटस्थ देशाच्या अधिकाऱ्यांची निकड भासू लागली होती.

अल्बानियाने २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा येथे स्वातंत्र्य जाहीर केले होते. बाल्कन युद्धात ऑटोमन साम्राज्याचा युरोपातील भाग कोसळत होता आणि सर्बिया, माँटेनेग्रो व ग्रीस यांच्या फौजा अल्बानियन भाषकांच्या प्रदेशात घुसल्या होत्या. ही घोषणा त्यांच्यापासून बचाव करण्यासाठी होती. लंडनमध्ये जमलेल्या सहा बड्या राष्ट्रांच्या राजदूतांनी २९ जुलै १९१३ रोजी तिला आकार दिला. अल्बानिया हे वंशपरंपरागत राजपुत्राच्या अमलाखालील सार्वभौम, तटस्थ राज्य असेल. सहा राष्ट्रांचे प्रतिनिधी आणि एक अल्बानियन सदस्य यांचे आंतरराष्ट्रीय नियंत्रण मंडळ नागरी प्रशासन व अर्थव्यवस्था पाहील. आणि सुव्यवस्थेसाठी एक जांदार्मरी, म्हणजे लष्करी शिस्तीचे सशस्त्र पोलीस दल, परदेशी अधिकारी उभारतील, असे ठरले. कोसोव्होसह अल्बानियन वस्तीचा मोठा प्रदेश मात्र सीमेबाहेर राहिला.

हे अधिकारी बड्या राष्ट्रांपैकी कोणाचेही असून चालणार नव्हते, कारण ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांपैकी एकाच्या हाती अल्बानियातील बंदुका जाणे दुसऱ्याला सहन झाले नसते. प्रथम स्वीडनचा विचार झाला. परंतु स्वीडिश अधिकारी इराणमध्ये अशाच कामात गुंतलेले होते. मग हॉलंडला विनंती करण्यात आली. हॉलंडने विलेम डी व्हेर यांना प्रमुख आणि थॉमसन यांना त्यांचे सहकारी म्हणून पाठविले. नोव्हेंबर १९१३ मध्ये दोघे व्लोरा येथे उतरले. उरलेले डच अधिकारी पुढील वर्षाच्या आरंभी आले. सारे मिळून ते दीड डझनाच्या आसपास होते. स्वदेशी मेजर असलेले थॉमसन येथे कर्नल म्हणून ओळखले जाऊ लागले.

नकाशावर राज्य एक होते. प्रत्यक्षात तेथे अनेक सत्ता होत्या. व्लोऱ्यात स्वातंत्र्याची घोषणा करणारे वृद्ध मुत्सद्दी इस्माईल केमाल यांचे हंगामी सरकार होते. दुर्रेस आणि मध्य अल्बानियात बडे जमीनदार एसाद पाशा तोप्तानी यांचा स्वतंत्र कारभार चाले. उत्तरेच्या डोंगराळ भागात टोळ्यांचे सरदार आणि त्यांचे परंपरागत कायदे होते. दक्षिणेत ग्रीक फौजा अद्याप ठाण मांडून होत्या. खजिना नव्हता, न्यायालये नव्हती, महसूल कोणाकडे जमा करावयाचा याचा निर्णय नव्हता. एखाद्या देशात आधी राज्यसंस्था स्थिरावते, मग तिचे पोलीस दल तयार होते. येथे क्रम उलटा होता. पोलीस दल उभारायचे होते ते अजून अस्तित्वात न आलेल्या राज्याच्या वतीने, आणि त्या दलानेच राज्य अस्तित्वात आणावे अशी मूक अपेक्षा होती. थॉमसन यांच्या पुढील साऱ्या अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

पहिला कसोटीचा प्रसंग जानेवारी १९१४ मध्ये आला. बेकिर फिक्री हा ऑटोमन अधिकारी तुर्की सैनिकांसह जहाजातून व्लोऱ्यात आला. अल्बानियन वंशाचे ऑटोमन सेनानी अहमद इज्जत पाशा यांना गादीवर बसविण्याचा तो कट होता. डच अधिकाऱ्यांनी जहाजावरील लोकांना पकडले आणि लष्करी न्यायालय बसविण्यात आले. डी व्हेर त्याचे अध्यक्ष होते. फिक्रीला झालेली देहदंडाची शिक्षा पुढे सौम्य करण्यात आली. कटाचे धागे इस्माईल केमाल यांच्यापर्यंत पोहोचतात असा संशय घेतला गेला आणि २२ जानेवारीला त्यांनी सत्ता नियंत्रण मंडळाच्या स्वाधीन केली. ज्या पुरुषाने चौदा महिन्यांपूर्वी देशाचे स्वातंत्र्य उद्घोषित केले होते, त्याच्या राजकीय जीवनाचा हा पर्व असा संपला. मूठभर परकी पोलीस अधिकाऱ्यांच्या कारवाईने सरकार पडावे, यावरून त्या दलाचे सामर्थ्य दिसले असे तेव्हा अनेकांना वाटले. त्याहून अधिक दिसला तो सरकारचा पोकळपणा.

बड्या राष्ट्रांनी निवडलेले राजपुत्र होते विल्हेल्म, ऱ्हाईन नदीकाठच्या नॉयवीडचे जर्मन सरदारपुत्र आणि रुमानियाच्या राणीचे भाचे. वय अडतीसच्या आसपास, प्रशियाच्या सैन्यात कप्तान, अल्बानिया त्यांनी पूर्वी पाहिलाही नव्हता. त्यांना मुकुट देण्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळाचे नेतृत्व एसाद पाशा यांनीच केले होते. ७ मार्च १९१४ रोजी विल्हेल्म दुर्रेसला उतरले. ते आपली राजधानी येथे ठेवतील हे ठरताच एसाद पाशांचा हेतू साध्य झाला. तेच त्यांचे युद्धमंत्री आणि गृहमंत्री झाले. राज्यासाठी ७ कोटी ५० लाख फ्रँकच्या कर्जाची हमी देण्याचे आश्वासन होते, पण हाती आली ती इटली व ऑस्ट्रियाने दिलेली अल्पशी उचल.

याच मार्चमध्ये थॉमसन यांच्यातील राजकारणी पुढे आला. ग्रीक फौजा परत जाण्याची वेळ येताच दक्षिणेतील ग्रीक पक्षाने गेओर्गिओस ख्रिस्ताकिस-झोग्राफोस यांच्या नेतृत्वाखाली गीरोकास्तर येथे स्वायत्त राज्याची घोषणा केली होती. विल्हेल्म यांनी वाटाघाटींसाठी थॉमसन यांना कोर्फू बेटावर पाठविले. पोलीस अधिकाऱ्याकडे हे काम सोपविले गेले, यावरून नव्या राज्याकडे विश्वासाची माणसे किती थोडी होती हे कळते. परंतु निवड चुकीची नव्हती. आठ वर्षे संसदेत तडजोडी घडताना आणि मोडताना पाहिलेल्या या गृहस्थाने दक्षिणेला स्थानिक कारभारात बऱ्याच सवलती देऊ केल्या. बंदुकीने जे टिकणार नाही ते सवलतीने टिकवावे, असा त्यामागील हिशेब दिसतो. दुर्रेसमधील मंत्र्यांना त्या सवलती अतिशय वाटल्या आणि बोलणी फिसकटली. युद्ध मात्र पेटले. अखेर १७ मे रोजी नियंत्रण मंडळाने कोर्फू येथे झोग्राफोस यांच्याशी करार केला. स्थानिक स्वायत्तता, ग्रीक शाळा, स्वतंत्र पोलीस व्यवस्था या साऱ्यांना त्यात स्थान होते. थॉमसन यांनी मार्चमध्ये जी दिशा दाखविली, तिकडेच मे महिन्यात, गावेच्या गावे जळाल्यानंतर, वळावे लागले.

मध्य अल्बानियात याच सुमारास वेगळा वणवा पेटत होता. तिराना, शियाक, कावाया या भागांतील बहुतेक शेतकरी मुस्लिम होते आणि मोठ्या जमीनदारांची कुळे म्हणून राबत होते. नवे राज्य त्यांना कसे दिसत होते, हे समजून घेतल्यावाचून थॉमसन यांच्या मृत्यूचा अर्थ लागत नाही. सुलतान गेला होता, त्याच्या जागी परका ख्रिस्ती राजपुत्र आला होता, त्याच्या भोवती परके अधिकारी होते, आणि दरबारात मंत्री म्हणून बसलेले होते तेच जुने जमीनदार. ग्रीकांविरुद्ध दक्षिणेत लढण्यासाठी त्यांना बोलावण्यात येत होते. या लोकांना राष्ट्रवादाची उणीव होती असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे, आणि तत्कालीन युरोपीय लेखकांनी तो तसाच संपविला. आपल्या जमिनीचे, धर्माचे आणि करांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न मात्र खराच होता, आणि त्याचे उत्तर दुर्रेसमधून कोणीच दिले नाही. तिरानाचे मुफ्ती मुसा काझिमी यांच्यासारखे नेते पुढे आले. सुलतानाची सत्ता परत यावी, नाही तर मुस्लिम राजा हवा, अशी मागणी जोर धरू लागली.

या बंडामागे एसाद पाशांचा हात असल्याचा संशय बळावला. १९ मे रोजी पहाटे डच मेजर स्लुइस यांच्या योजनेनुसार त्यांच्या घरावर तोफांचा मारा झाला. पाशांना अटक करून ऑस्ट्रियन युद्धनौकेवर नेण्यात आले आणि नंतर इटलीला रवाना करण्यात आले. तेथे त्यांचे स्वागत सन्मानानेच झाले. चारच दिवसांनी बंडखोरांवर पाठविलेली तुकडी शियाकजवळ पराभूत झाली, शहरात घबराट उडाली आणि राजपुत्र सहकुटुंब इटालियन जहाजावर गेले. संध्याकाळी ते परत आले खरे, पण राजाने पहिल्या धक्क्याला किनारा सोडला ही गोष्ट डोंगरापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला नाही.

अशा अवस्थेत दुर्रेसच्या संरक्षणाची सूत्रे थॉमसन यांच्याकडे आली. शहर एका भूशिरावर वसलेले. मागे दलदल, आणि तिच्यातून तिरानाकडे जाणारा रस्ता. समोर समुद्रात निरनिराळ्या राष्ट्रांच्या युद्धनौका नांगर टाकून उभ्या, त्यांतील कोणतीही मदतीला येण्यास बांधील नव्हती. थॉमसन यांनी खंदक खोदवून घेतले, तोफांच्या जागा ठरविल्या, मिळतील ते लोक गोळा केले. जांदार्मरीचे नवखे शिपाई, उत्तरेतील कॅथलिक डोंगरी लढवय्ये, कोसोव्होचे मुस्लिम सरदार इसा बोलेतिनी यांची माणसे, तोफांवर काही जर्मन-ऑस्ट्रियन स्वयंसेवक, असे ते सैन्य होते. कॅथलिक आणि मुस्लिम त्यात खांद्याला खांदा लावून उभे होते, हे विशेष. या बंडाला केवळ धर्मयुद्ध ठरविणाऱ्यांनी इकडे पाहावे.

५ जूनच्या सुमाराची एक घटना त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते. शहरातील एका घरातून रात्री बंडखोरांच्या दिशेने दिव्यांचे संकेत दिले जात असल्याचे आढळले. थॉमसन यांनी छापा घालून दोन इटालियन नागरिकांना अटक केली. त्यांतील एक कर्नल मुरिक्यो. त्यांची कागदपत्रेही जप्त झाली. वेढा पडलेल्या शहराच्या कोणत्याही संरक्षकाने हेच केले असते. पण ऑटोमन काळापासून चालत आलेल्या विशेष सवलतींनुसार युरोपीय नागरिकांवर स्थानिक पोलिसांचा अधिकार चालत नसे. इटलीच्या वकिलातीने त्या सवलतींवर बोट ठेवून कडक निषेध नोंदविला. राज्याने माणसे सोडली, कागद परत केले आणि माफीही मागितली. पोलीस प्रमुखाने कायद्याने केलेली कारवाई त्याच्याच सरकारने चोवीस तासांत निरर्थक ठरविली. संरक्षकाच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल याची कल्पना करता येते. थॉमसन पदावर राहिले. राजीनामा देऊन जाणे त्यांना अवघड नव्हते, कारण त्यांचा देश दुसरा होता, आणि राजाचा विश्वास व पाठबळ यांविषयी त्यांना शंका असल्यास ती रास्तच होती.

दहा दिवसांनी पहाटेच्या अंधारात बंडखोर चालून आले. थॉमसन मागे मुख्यालयात न थांबता पुढच्या फळीत गेले. गोळी लागल्यावर त्यांना जवळच्याच एका झोपडीत नेण्यात आले आणि तेथे त्यांचा अंत झाला. हल्ला मात्र परतवण्यात आला. दुर्रेस त्या दिवशी पडले नाही. गोळी कोणाची, याविषयी लगेचच कुजबुज सुरू झाली. शहराच्या आतून, इटालियन बाजूने ती झाडली गेली, असा समज हॉलंडमध्ये आणि अल्बानियात दीर्घकाळ टिकून राहिला. अटकेच्या प्रकरणानंतर तो समज पसरणे स्वाभाविक होते. त्याला निर्णायक पुरावा मिळालेला नाही. गोळीबाराच्या धुमश्चक्रीत उघड्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला शत्रूची गोळी लागणे यात अशक्य काहीच नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

थॉमसन यांच्या मृत्यूनंतर दुर्रेसचे संरक्षण चालू राहिले, पण त्यातील प्राण गेल्यासारखे झाले. देशाच्या अंतर्भागात नेमलेले काही डच अधिकारी बंडखोरांच्या कैदेत पडले. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू होताच सहा राष्ट्रांची एकवाक्यता, जिच्यावर अल्बानियाची सारी इमारत उभी होती, नाहीशी झाली. कर्जाचे पैसे थांबले. हॉलंडने आपले अधिकारी परत बोलावले. ३ सप्टेंबर १९१४ रोजी विल्हेल्म इटालियन जहाजातून निघून गेले. त्यांची राजवट जेमतेम सहा महिने टिकली. त्यांचे इंग्रज खासगी सचिव डंकन हीटन-आर्मस्ट्राँग यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात एसाद पाशा सर्बियाच्या मदतीने दुर्रेसला परतले, आणि मेमध्ये तोफा डागून ज्यांना हाकलले होते त्यांच्याच हाती शहर गेले.

थॉमसन यांचे कार्य अवघ्या सात महिन्यांचे. त्यातून टिकाऊ दल उभे राहिले नाही, आणि त्यांच्या हातून घडलेल्या गोष्टींचा हिशेब करू गेल्यास यशाची बाजू लहानच भरते. दोष त्यांच्यातही होता. सेनापती आणि मुत्सद्दी अशा दोन्ही भूमिका एकाच वेळी बजावण्याच्या ओढीने डच पथकाला राजपुत्राच्या पक्षाचे केले, आणि एकदा तसे झाल्यावर शेतकऱ्यांच्या नजरेत जांदार्मरी ही राज्याची न राहता एका गटाची फौज ठरली. असे असले तरी, शिपाई किती भरती झाले यापेक्षा त्यांनी कोणाच्या वतीने बंदूक उचलायची हा प्रश्न त्यांनी कोर्फूच्या बोलण्यांत तरी आधी ओळखला होता, हे मान्य करावे लागते.

जुलै १९१४ मध्ये नूर्ड-ब्राबांट या डच युद्धनौकेतून त्यांचा देह मायदेशी आणण्यात आला आणि ग्रोनिंगन येथे दफनविधी झाला. हॉलंडसाठी तो महायुद्धापूर्वीच्या शांततेतील एक मोठा राष्ट्रीय शोकप्रसंग होता. हेगमध्ये त्यांच्या नावाच्या चौकात त्यांचा पुतळा उभा आहे.

अल्बानियाच्या जांदार्मरीची पुन्हा बांधणी झाली ती दहा-बारा वर्षांनी, अहमद झोगू यांच्या राजवटीत. १९१४ मध्ये झोगू हे माती खोऱ्यातील एक तरुण सरदार होते; पुढे ते राष्ट्राध्यक्ष आणि मग राजे झाले. त्यांनीही दल घडविण्यासाठी परदेशी अधिकाऱ्यांचीच मदत घेतली. ब्रिटिश सेनानी सर जोसलिन पर्सी हे १९२६ पासून १९३८ पर्यंत त्या दलाचे महानिरीक्षक होते. पर्सी गेले त्याच्या पुढील वर्षी, एप्रिल १९३९ मध्ये, इटालियन फौजा दुर्रेसच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या दिवशी बंदरावर त्यांना तोंड देणाऱ्यांत जांदार्मरीचे अधिकारी आणि शिपाईही होते.